करवतीचं लुगडं धुताना

आमच्या भंडाऱ्याकडं करवतीच्या लुगड्याचं अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, आणि काठ बहुतेक सुताचा असतो. आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवून विणलेले ते करवतीसारखे दाते अंग आणि काठ एकमेकांत अडकवून ठेवतात. पण सूत आणि कोसा सारखे आकसत नाहीत, म्हणून गरम पाणी वर्ज्य. मायचं लग्नातलं लुगडं मी एकदा कढत पाण्यात बुडवलं. काठ चुरगळला तो चुरगळलाच, अजून हळहळ वाटते.

आधी काठाच्या टोकावर ओला पांढरा फडका दाबून पाहा. रंग लागला तर घरी धुवूच नका. नाही लागला तर आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून रात्री भिजत घाला. सकाळी कुस्करून गाळा. त्या गार पाण्यात लुगडं हलक्या हातानं बुचकळा. घासू नका, पिळू तर अजिबात नका! जुन्या धोतरात गुंडाळून पाणी टिपा, सावलीत वाळवा.

ठेवताना मलमलीत बांधा. दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या जागी घाला, नाहीतर कोसा घडीवरच चिरतो.