ट्युबिंगेनमध्ये घर मांडताना

जर्मनीतल्या ट्युबिंगेनमध्ये नवीन आलेलं कुणी भेटलं की पहिले प्रश्न ठरलेले: आनमेल्डुंग कशी करायची आणि घर कुठे मिळेल? ते आधी सांगते. आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. ते पत्र चावीबरोबरच मागून घ्या. घर मिळणं मात्र खरंच अवघड आहे. गावाची वस्ती साधारण ९० हजार आणि त्यात २५ हजारांहून जास्त विद्यार्थी. ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू व्हायच्या तोंडावर शोधू नका, उन्हाळ्यातच सुरुवात करा.

आता गावाबद्दल. मला इथली माणसं कळायला दोन वर्षं लागली. गावाचा इतिहास कुणी आधी सांगितला असता तर इतका वेळ लागला नसता.

ट्युबिंगेन ही एकात एक वसलेली दोन गावं आहेत. नेकार नदीच्या बाजूला, किल्ल्याखाली, वरचं गाव. ते विद्यापीठाचं. काउंट एबरहार्टने १४७७ साली हे विद्यापीठ काढलं. खगोलशास्त्रज्ञ केपलर इथे शिकला, पुढे तत्त्वज्ञ हेगेल आणि कवी ह्योल्डरलिन इथल्याच धर्मशिक्षणाच्या वसतिगृहात राहून शिकत होते. उताराच्या पलीकडे, आमर नावाच्या ओढ्याकडे, खालचं गाव. तिथे द्राक्षमळे कसणारे शेतकरी राहायचे. त्यांना 'गोगन' म्हणत. कष्टाळू, गरीब आणि तोंडाने फटकळ. तिकडच्या गल्ल्यांतून फिरलात तर घरांना मोठाले दरवाजे दिसतील. ती मुळात शेतकऱ्यांची कोठारं.

हे सांगते ते एवढ्यासाठी की तो फटकळपणा अजून आहे, आणि तो रागावणं नव्हे. 'शिव्या दिल्या नाहीत म्हणजे कौतुक झालंच' अशा अर्थाची म्हण इथल्या श्वाबियन बोलीत आहे. माझ्या शेजारच्या आजींनी पहिल्या वर्षी मला एकच गोष्ट सांगितली: या आठवड्यात जिना तुझा. बऱ्याच इमारतींत जिना आणि दारासमोरची वाट झाडायची पाळी असते, तिला केअरवोख म्हणतात. दारावर पाटी लटकली की पाळी आपली. मी ती चुकवली नाही. तिसऱ्या महिन्यात त्या आजी घरचा प्लमचा केक घेऊन दारात उभ्या होत्या.

पुलावरून पिवळा बुरूज दिसतो तिथे आधी जा. ह्योल्डरलिन मोठा कवी, पण मन ढासळलं. इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं दिली होती. एर्न्स्ट झिमर नावाच्या सुताराने त्याला १८०७ साली स्वतःच्या घरी, म्हणजे याच बुरुजात, आणलं, आणि त्या घरात कवी ३६ वर्षं जगला. विद्वानांच्या गावात त्याला सांभाळलं ते एका सुताराच्या कुटुंबाने. मला हे गाव आवडतं ते या गोष्टीमुळे.

किल्ल्यावरही चढा. तिथल्या जुन्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळा होती. दवाखान्यातल्या पट्ट्यांवरच्या पुवातून फ्रीडरिख मीशरने १८६९ साली पेशींतला एक नवा पदार्थ वेगळा काढला. आज आपण त्याला डीएनए म्हणतो.

आपल्यासाठी आणखी एक धागा आहे. रुडोल्फ रोट इथे प्राध्यापक होते. ब्योटलिंक यांच्याबरोबर त्यांनी केलेला सात खंडांचा संस्कृत-जर्मन कोश १८५५ ते १८७५ अशी वीस वर्षं छापला जात होता. आणि इथे संस्कृत शिकलेले मार्टिन हाउग १८५९ साली पुण्याला गेले, पुढे डेक्कन कॉलेज झालेल्या महाविद्यालयात शिकवायला. पुण्याहून आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगतेच.

गाव युद्धात फारसं पडलं नाही, म्हणून जुनी लाकडी घरं टिकली. पण सगळंच सुंदर नव्हे. गार्टनश्ट्रासवरचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळलं गेलं. तिथे आता स्मारक आहे. एकदा तरी तिथे थांबा.

बाहेर खायला-प्यायला घेताना आपला डबा, आपला कप न्या. २०२२ पासून इथे फेकून द्यायच्या कपावर ५० सेंट कर आहे. भाजी सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी नगरभवनासमोरच्या बाजारात घ्या आणि 'ग्र्युस गॉट' म्हणून सुरुवात करा. जर्मन मोडकं असलं तरी चालतं. नमस्कार न करता थेट भाव विचारलेला मात्र विक्रेत्यांना आवडत नाही.