स्वतःची गाडी घेऊन बॉर्डर क्रॉस करायचीय? कागद, शिक्के आणि बाकी तयारी

गाडीने दुसऱ्या देशात जायचं ठरलं की बहुतेक जण आधी रूट काढतात, हॉटेलं बघतात, टायर बदलतात, आणि कागद शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. माझं ऐकाल तर उलटं करा. रूट वाटेत बदलता येतो, कागद नाही.

मुळात एक गोष्ट समजून घ्या. व्हिसा तुमचा असतो, गाडीचा नाही. कस्टम्सच्या लेखी तुमची गाडी म्हणजे ड्युटी न भरता देशात आलेला माल, आणि हा माल इथे कुणाला विकला जाणार नाही, मुदतीत परत बाहेर जाईल, एवढी खात्री त्यांना हवी असते. पुढचे निम्मे कागद या एका खात्रीसाठीच आहेत, त्यामुळे खिडकीतला माणूस तोच तोच प्रश्न तीनदा विचारतो तेव्हा वैतागू नका, तो त्याचं कामच करतोय.

ही खात्री प्रत्येक देश वेगळ्या पद्धतीने घेतो. युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये आपापसात गाडी नेताना एरवी कुणी थांबवतही नाही. युरोपियन युनियनबाहेरून, बाहेरच्या नंबरची गाडी आणणाऱ्या पाहुण्याला खासगी वापरासाठी साधारण 6 महिने मिळतात, पण शेंगेनचा शॉर्ट व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचाच, म्हणजे गाडीची मुदत शिल्लक आणि तुमची संपलेली असं होऊ शकतं, तेव्हा दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी बॉर्डरवरच टेम्पररी इम्पोर्ट परमिट करून देतात. मेक्सिकोत त्यासाठी डिपॉझिट घेतात, गाडी मुदतीत बाहेर काढून परमिट रीतसर रद्द केलं तरच ते परत मिळतं. आणि इराण, पाकिस्तान, भारत, इजिप्त अशा देशांसाठी लागतो कार्ने.

कार्नेवर थोडं सविस्तर बोलतो कारण गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. पूर्ण नाव कार्ने द पासाज आं दुआन, देतो तुमच्या देशातला ऑटोमोबाईल क्लब, मागे एफआयएची, म्हणजे अशा क्लबांच्या जागतिक संघटनेची व्यवस्था असते. गाडी एखाद्या देशातून बाहेर आलीच नाही तर तिथली ड्युटी आणि टॅक्स भरायची हमी म्हणजे कार्ने, म्हणूनच तो देताना क्लब तुमच्याकडून बँक गॅरंटी, डिपॉझिट किंवा इन्शुरन्स मागतो, आणि ती रक्कम गाडीची किंमत आणि तुम्ही कुठल्या देशांत जाताय यावर ठरते. ज्या देशात ड्युटी जास्त तिथली हमी मोठी, त्यामुळे रूटमधला एक देश वगळला तरी आकडा बराच खाली येऊ शकतो. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष.

कार्नेचं प्रत्येक पान तीन भागांचं असतं. गाडी आत जाताना एक भाग कस्टम्सवाला फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा, आणि तिसरा तुमच्याकडे राहतो, त्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन्ही शिक्के लागतात. हा तुमच्याकडे उरणारा भाग म्हणजे सगळं काही. खिडकीवरून हलायच्या आधी तिथेच उभं राहून बघा, शिक्का बसलाय का, तारीख वाचता येतेय का, सही आहे का, योग्य भाग फाडलाय का. छोट्या बॉर्डरवर कार्ने क्वचितच येत असतो, तिथल्या माणसाने चुकीचा भाग फाडणं अगदी शक्य आहे, आणि नंतर त्याच खिडकीवर परत यायचं म्हणजे व्हिसाचा प्रश्न उभा राहतो कारण तोवर तुमच्या पासपोर्टवर एक्झिट पडलेला असतो.

कागद करताना चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरून स्वतः वाचून घ्या, फोटो काढा आणि आरसी, कार्ने, इन्शुरन्स सगळीकडे अक्षर न् अक्षर जुळवा. चेसिस नंबर 17 अक्षरं-आकड्यांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे कुठे ओ छापलेला दिसला तर तो शून्यच असायला हवा होता, लगेच दुरुस्त करून घ्या. बॉर्डरवर बॉनेट उघडून हा नंबर खरंच ताडून बघतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, कंपनीची असेल किंवा लोन चालू असेल तर मालकाचं किंवा बँकेचं परवानगीपत्र नोटरी करून घ्या, आणि ते त्या देशातल्या भाषेतही असलं तर फारच सोपं जातं.

लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. ते एकटं चालत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच. त्याचेही प्रकार आहेत, 1949 च्या जिनिव्हा करारातलं एक वर्ष चालतं, 1968 च्या व्हिएन्ना करारातलं तीन वर्षांपर्यंत, आणि काही देश यातलं एकच मानतात, तेव्हा रूटवरच्या प्रत्येक देशाचं आधी बघा. चीनच्या मुख्य भूमीत हे परमिट चालत नाही, तिथे टेम्पररी लायसन्स आणि टेम्पररी नंबर प्लेट घ्यावी लागते.

इन्शुरन्सचं एक पक्कं लक्षात ठेवा, घरची पॉलिसी बॉर्डरपलीकडे आपोआप लागू होत नाही. युरोप आणि आसपासच्या बऱ्याच देशांत ग्रीन कार्ड पद्धत आहे, म्हणजे तुमचा थर्ड पार्टी इन्शुरन्स त्या देशातही चालतो याचा कागद, 1953 पासून चालू आहे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत कोमेसा या तिथल्या व्यापारी गटाचं असंच यलो कार्ड चालतं. बाकी ठिकाणी बॉर्डरवरच थर्ड पार्टी विकत घ्यावी लागते. ती फक्त समोरच्याच्या नुकसानीची, तुमच्या गाडीला त्यात काही मिळत नाही, ते वेगळं विचारा. पॉलिसीवर कुठले देश लिहिलेत आणि कुठले खोडलेत हे डोळ्यांनी वाचा, एजंट तोंडी काय म्हणतो त्यावर जाऊ नका.

गाडीच्या मागे देशाचं चिन्ह लावा, पांढऱ्या लंबगोलावर काळी अक्षरं. फ्रान्सचं एफ, जर्मनीचं डी. ब्रिटनचं जीबी होतं ते सप्टेंबर 2021 पासून यूके झालं, जुना स्टिकर असेल तर काढून टाका. नंबर प्लेट रोमन कॅपिटल अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत हवी.

डाव्या बाजूने गाडी चालवतात अशा देशातून उजव्या बाजूने चालवतात अशा देशात जाणार असाल, किंवा उलट, तर हेडलाइट विसरू नका. लो बीम सरळ समोर पडत नाही, तो कडेच्या बाजूला थोडा वर उचललेला असतो, आणि बाजू बदलली की तोच उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. त्यासाठी काचेवर लावायचे स्टिकर मिळतात, काही नव्या गाड्यांत सेटिंग असतं, मॅन्युअलमध्ये बघा. लावल्यावर रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून तो तिरका उजेड खरंच गेलाय ना ते तपासा. आणि बाजू बदलली की स्टिअरिंग रस्त्याच्या कडेला येतं, ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही, म्हणून ट्रकपासून बरंच मागे रहा, अंतर असलं की नजर मोकळी होते.

प्रत्यक्ष बॉर्डरवर क्रम साधारण असा, आधी या देशाचं इमिग्रेशन आणि कस्टम्स, मग पलीकडचं इमिग्रेशन, कस्टम्स आणि इन्शुरन्स. बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हर गाडीतून आणि बाकीचे पायी वेगळ्या दाराने जातात, तेव्हा प्रत्येकाचा पासपोर्ट त्याच्याच हातात द्या. सगळ्या बॉर्डर रात्रभर उघड्या नसतात, सकाळी लवकर पोचा, कारण तुमचा इमिग्रेशनचा शिक्का झाला आणि कस्टम्स बंद झालं तर मधल्या पट्ट्यात अडकाल. दुसऱ्याची बॅग, पार्सल गाडीत घेऊ नका, कितीही गोड बोलला तरी. औषधं असतील तर प्रिस्क्रिप्शन सोबत.

गाडी तिथेच ठेवून विमानाने घरी यायचा विचार असेल तर आधी कस्टम्सला लेखी विचारा, काही देशांत गाडीची नोंद थेट पासपोर्टवर होते आणि गाडीशिवाय तुम्हाला बाहेर सोडतच नाहीत. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात संपली तरी जबाबदारी संपत नाही, पोलिसांचा रिपोर्ट घ्या आणि कस्टम्सला कळवून त्यांचा कागद घ्या, नाहीतर त्यांच्या नोंदीत गाडी अजून देशातच असते आणि ड्युटी तुमच्या नावावर चढते.

घरी परतल्यावर कार्ने कपाटात टाकू नका. स्वतःच्या देशात गाडी परत आल्याचा शिक्का घ्या आणि मुदत संपायच्या आत तो क्लबला परत करा, तेव्हाच डिपॉझिट सुटतं. मधल्या एखाद्या देशाचा एक्झिट शिक्का राहिलाच असेल तर गाडी आता अमुक ठिकाणी आहे असं प्रमाणित करायचा एक फॉर्म कार्नेसोबत असतो, तो कस्टम्सकडून किंवा पोलिसांकडून सही-शिक्क्यासह भरून क्लबला द्या.