केव्हच्या भिंतींवर कॅमेरे कसे बसवायचे

केव्ह म्हणजे भिंतींवर प्रोजेक्टर मारून केलेली व्हीआरची (आभासी जगाची) खोली, 1992 मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाने पहिल्यांदा दाखवलेली. युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) करताना सगळे एकच चूक करतात, मीपण केली, कॅमेरा डोक्यासोबत फिरवायचा. तसं नाही करायचं! कॅमेरा डोळ्याच्या जागी ठेवायचा पण तोंड कायम भिंतीला काटकोनात, डोकं कुठेही वळू दे.

आधी टेपने भिंत मोजा, खालचे दोन कोपरे आणि वरचा डावा, ट्रॅकरच्याच (डोक्याची जागा मोजणारं यंत्र) ओरिजिनपासून, म्हणजे शून्य बिंदूपासून, मीटरमध्ये. मग फ्रस्टम (कॅमेऱ्याला दिसणारा पिरॅमिडसारखा भाग) तिरका करायचा: डोळ्याच्या समोरच्या बिंदूपासून भिंतीची डावी कड आडवी किती लांब ते घ्या (डावीकडचं उणे), निअरने (कॅमेरा जिथून दाखवायला लागतो ते अंतर) गुणा, डोळा ते भिंत या अंतराने भागा. भिंत 3 मीटर रुंद, अंतर 1.5, निअर 0.1 आणि माणूस मधून अर्धा मीटर उजवीकडे सरकला तर डावं -0.133, उजवं 0.067. वर-खालीपण तसंच. हे आकडे मॅट्रिक्स४x४.फ्रस्टमला देऊन दर फ्रेमला, लेटअपडेटमध्ये (युनिटी दर फ्रेमच्या शेवटी चालवतं ते फंक्शन), कॅमेऱ्याचं प्रोजेक्शन मॅट्रिक्स सेट करा.

स्टिरिओला (दोन डोळ्यांना वेगळी चित्रं) प्रत्येक भिंतीला दोन कॅमेरे, मध्ये साधारण 6.4 सेंटीमीटर, आणि या जोडीच्या जागा मात्र डोक्याबरोबर वळतात, तोंडं भिंतीकडेच.

चेक करायला दोन भिंतींच्या कोपऱ्यातून सीनमध्ये एक सरळ दांडा आरपार ठेवा आणि चालून बघा, कोपऱ्यात मोडला तर माप चुकलंय, कोड नाही (बहुतेक वेळा).