कधी सुरू होते, कधी होत नाही: डिझेल गाडीतला अधूनमधून येणारा दोष कसा शोधावा

जी गाडी एकदाची बंद पडते आणि काही केल्या सुरू होत नाही, तिचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते, कारण दोष समोर हजर असतो. खरी परीक्षा पाहते ती दहापैकी आठ वेळा झटक्यात सुरू होणारी, दोन वेळा नुसती सेल्फ खात राहणारी किंवा चालता चालता मध्येच मान टाकणारी गाडी. अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी वागते आणि मग अंदाजाने सुटे भाग बदलण्याचा सिलसिला सुरू होतो. तो टाळायचा असेल तर पान्याच्या आधी वही हातात घ्यावी लागते.

दोष प्रत्येक वेळी दिसला की त्या क्षणाची स्थिती लिहून ठेवावी. इंजिन थंड होते की गरम, टाकीत डिझेल किती होते, गाडी सपाटीवर उभी होती की चढावर, आदल्या दिवशी पाऊस होता किंवा इंजिन धुतले होते का, मीटरवर कोणते दिवे लागले, सायलेन्सरमधून धूर आला का आणि किती मिनिटांनी गाडी पुन्हा सुरू झाली, एवढ्या नोंदी पुरतात. यांतली सर्वांत महत्त्वाची नोंद मात्र गाडी बंद कशी पडली याची आहे. बटण दाबून दिवा मालवावा तशी ती क्षणात बंद पडली असेल तर संशय विजेच्या बाजूवर, म्हणजे सेन्सर, रिले (विजेने चालणारा स्विच), वायरिंग किंवा इग्निशन स्विचवर जातो. आधी गचके देऊन, ताकद सोडत, धापा टाकत बंद पडली असेल तर बहुतेक वेळा डिझेलचा पुरवठा तुटलेला असतो. एवढ्या एका फरकाने निम्मे काम होते.

चालती गाडी बंद पडली तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एकदोन दाबांपुरताच शिल्लक राहतो आणि स्टिअरिंग जड होते. त्यामुळे ब्रेक पुन्हा पुन्हा न सोडता एकसारखा दाबून गाडी कडेला घ्यावी. दोष सापडेपर्यंत अशी गाडी वेगाच्या रस्त्यावर नेऊ नये.

इंजिन पुरेशा वेगाने फिरते का?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते आणि त्या दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेट घेते. सेल्फने इंजिन सावकाश फिरवले तर हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंती शोषून घेतात आणि डिझेल पेटतच नाही. म्हणून ‘सेल्फ तर फिरतोय’ एवढ्यावर समाधान मानू नये.

पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ व्होल्टच्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फ मोटर जास्त करंट ओढते आहे. बॅटरी ठणठणीत असूनही इंजिन सुस्त फिरत असेल तर अर्थिंगची वायर तपासावी. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगले आहे, त्याहून बराच वर गेला तर वायर, तिचा थिंबल किंवा बोल्टखालचा गंज हे कारण आहे. तार खुंटीवरच टेकवावी, क्लॅम्पवर नव्हे, कारण पुष्कळदा दोष खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधल्या पांढऱ्या थरातच दडलेला असतो.

सेल्फ मुळीच न फिरता नुसते ‘टिक’ वाजत असेल तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फ मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच, पाहावा. तेही वाजत नसेल तर सेल्फचा रिले आणि क्लच पेडलवरचा किंवा न्यूट्रलचा स्विच पाहावा.

फिरते, पण पेटत नाही

अशा वेळी बॉनेटकडे न धावता सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटत नाही. थंड इंजिनात याचे नेहमीचे कारण हीटर प्लग, म्हणजे सुरू करताना सिलिंडर तापवणारे विजेचे प्लग, असतात. प्लगची वायर काढून त्याचा रोध मोजला तर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो आणि जळालेला प्लग मीटरला दादच देत नाही. गरम इंजिन सुरू होत नसेल तर मात्र हीटर प्लगच्या मागे लागून वेळ घालवू नये.

धूर अजिबात येत नसेल तर डिझेल आत जातच नाही. येथून पुढचा शोध दोन वाटांनी जातो: डिझेल पंपापर्यंत येत नाही किंवा आलेले डिझेल आत सोडायची परवानगी मिळत नाही.

हवा धरणे

ज्या गाड्यांत पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो, त्यांच्या अनियमित दोषांत माझ्या मते सर्वांत जास्त वेळ खाणारे कारण हे आहे. ओढणाऱ्या नळीत बाहेरच्यापेक्षा कमी दाब असल्याने बारीक फटीतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे जमिनीवर थेंब नाही, वास नाही, डाग नाही आणि तरीही गाडी हवा धरते. (टाकीतच विजेचा पंप असलेल्या गाड्यांत नळीत दाब असतो, तेथे गळती बाहेर दिसते.)

माझ्या हाती आलेली एक गाडी दिवसभर हात लावताच सुरू होई, पण काही सकाळी मिनिटभर सेल्फ खाई. हीटर प्लग बदलून झाले होते, बॅटरीही नवी होती. नोंदी ठेवायला लागल्यावर आठवड्याभरात लक्षात आले की हा त्रास फक्त रात्री गाडी चढावर, तोंड वर करून उभी केलेली असली तरच होतो. टाकी मागे असल्याने तशा स्थितीत इंजिन टाकीपेक्षा उंचावर जाते आणि कोठूनही हवा शिरली की नळीतले डिझेल रात्रभरात हळूहळू टाकीत परत उतरते. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी बसवून गाडी मुद्दाम तशीच उभी केली. सकाळी नळीत बोटभर लांबीची पोकळी होती आणि सेल्फ मारताच तिच्यामागून साबुदाण्याएवढ्या बुडबुड्यांची माळ येत होती. फिल्टर बदलताना त्याची रबरी रिंग एका जागी दुमडून बसली होती, एवढेच कारण निघाले. नवी रिंग डिझेलमध्ये बुडवून नीट बसवल्यावर बुडबुडे थांबले.

हीच चाचणी कोणालाही करता येते. नळी डिझेलला टिकणारी असावी, ती केवळ कमी दाबाच्या बाजूला लावावी आणि काम झाल्यावर काढून मूळ नळी बसवावी. बुडबुडे दिसले तर नळी टाकीच्या दिशेने एकेक जोड मागे सरकवत न्यावी. ज्या जोडाच्या मागे बुडबुडे दिसेनासे होतात, तोच जोड दोषी. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) असेल तर तोही बोलका असतो. रात्रभर उभ्या गाडीचा प्रायमर सकाळी पिळपिळीत लागला तर डिझेल मागे उतरले आहे असे समजावे.

डिझेल कोंडणे

जास्त रेसवर किंवा चढावर ताकद सोडून बंद पडणारी आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा नीट चालणारी गाडी तुंबलेल्या फिल्टरकडे किंवा टाकीतल्या जाळीकडे बोट दाखवते. टाकीतला कचरा ओढीने जाळीला चिकटतो आणि इंजिन बंद झाले की सुटून खाली बसतो. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढावे आणि स्थिर होऊ द्यावे. पाणी असेल तर ते तळाशी वेगळे दिसते. काळपट चिकट साका आढळला तर पाण्यात वाढणाऱ्या जंतूंनी टाकी धरली आहे, आणि तेथे फिल्टर बदलून भागत नाही, टाकी साफ करावी लागते. टाकीचा श्वास कोंडला असल्यासही हीच लक्षणे दिसतात. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर ब्रीदर साफ करावा.

गरम झाली की बंद, निवली की सुरू

अर्धा तास चालून क्षणात बंद पडणारी आणि वीस-तीस मिनिटांनी काहीच न घडल्यासारखी सुरू होणारी गाडी बहुधा क्रँक सेन्सरची तक्रार सांगत असते. हा सेन्सर इंजिनाचा वेग आणि स्थिती ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवतो, आणि ते कळले नाही तर ईसीयू डिझेल सोडत नाही. आतली बारीक तार तापल्यावर प्रसरण पावून तुटते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. गाडी बंद पडलेली असतानाच सेल्फ मारून आरपीएमचा काटा पाहावा. बऱ्याच गाड्यांत सेन्सर ठीक असेल तर काटा थोडा हलतो, तो शून्यावरच चिकटून राहिला तर संशय बळावतो. ईसीयूत नोंदलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड मिळाला तरी लगेच सेन्सर बदलू नये, आधी त्याचा कनेक्टर उघडून तेल, गंज आणि घासलेली वायर पाहावी. दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरचा रोध थंड आणि गरम असताना मोजून तुलना करता येते. तीन तारांच्या हॉल सेन्सरला ही चाचणी लागू पडत नाही.

गरम इंजिन सुरू न होण्याचे दुसरे कारण कॉमन रेल गाड्यांत, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या गाड्यांत, आढळते. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्न लाइनला (जादा डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीला) जास्त वाहून जाते, त्यामुळे सेल्फवर रेलचा दाब चढत नाही. बहुतेक गाड्यांना सुरू होण्यासाठी रेलमध्ये २०० बारच्या आसपास दाब लागतो. स्कॅनरवर अपेक्षित आणि प्रत्यक्ष दाब शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारखी छोटी बाटली जोडून इंजिन चालवले, की इतरांपेक्षा कितीतरी जास्त भरणारी बाटली दोषी इंजेक्टर दाखवून देते. चारही बाटल्या सारख्या आणि बेताच्याच भरल्या, तर पंप, त्यावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात जाणारे डिझेल मोजून सोडणारा) किंवा रेलचा प्रेशर व्हॉल्व्ह पाहावा. अॅक्सिलरेटर सोडून गाडी थांबत आणताना आयडलिंगला बंद पडत असेल, तर अडकणारा मीटरिंग व्हॉल्व्ह संशयितांत वरच्या जागी ठेवावा. उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व्हही (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा) आयडलिंगला इंजिन बंद पाडतो, पण तो सहसा काळा धूर सोबत आणतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. जुन्या पंपाच्या गाड्यांत नोझलचे पाइप सैल करून हवा काढण्याची पद्धत होती, ती कॉमन रेलवर कधीही वापरू नये. तेथला दाब १,६०० बारपर्यंत आणि त्याहूनही वर जातो आणि केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे लागते. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रेही मारू नये, कारण तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो.

वायर हलवून पाहणे

क्षणात बंद पडण्याचे कारण सेन्सरमध्ये सापडले नाही तर इंजिन आयडलिंगवर ठेवून वायरिंगचा एकेक जुडगा, कनेक्टर आणि फ्यूजबॉक्स हलक्या हाताने हलवावा, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून मात्र हात दूर ठेवावा. मुख्य रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारावी, आणि इंजिन दचकले तर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले लावून पाहावे. किल्लीला जड जुडगा लटकत असेल तर तो काढून काही दिवस गाडी चालवावी, कारण झिजलेला इग्निशन स्विच खड्ड्यात क्षणभर संपर्क सोडतो. गाडी सुरू होऊन दोनेक सेकंदांत बंद पडत असेल आणि इमोबिलायझरचा (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल, तर इंजिनाला हात न लावता आधी दुसरी किल्ली वापरून पाहावी. यांत्रिक पंपाच्या जुन्या गाडीत किल्ली फिरवल्यावर पंपावरच्या, डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज ऐकावा. तो कधी येतो, कधी येत नाही असे असेल तर सोलेनॉइडची वायर सैल आहे किंवा सोलेनॉइडच गेला आहे.

एका वेळी एकच भाग बदलावा. स्कॅनरमधले कोड पुसण्याआधी लिहून घ्यावेत आणि त्यांच्यासोबत साठवलेले त्या क्षणाचे तापमान, वेग आणि रेलचा दाबही टिपावा. दुरुस्तीनंतर गाडी नेहमीसारखी फिरवून आणणे पुरेसे नसते, वहीत नोंदलेली स्थिती मुद्दाम घडवून आणावी लागते. चढावर दोष येत असेल तर रात्रभर चढावरच उभी करावी, अर्ध्या तासाने येत असेल तर तासभर चालवावी. तरीही दोष राहिला तर गाडी मेकॅनिकच्या ताब्यात देताना वहीचे पानही द्यावे.