पोटातलं पिल्लू का गिळलेली शिकार? इक्थिओसॉरचं फॉसिल असं बघायचं

भावांनो, इक्थिओसॉर म्हणजे लई जुन्या काळातला, माशासारखा दिसणारा समुद्रातला सरपटणारा प्राणी. पन्हाळ्याच्या काळ्या दगडात त्याचं फॉसिल घावायचं नाही, तो सगळा लाव्हा, त्यामुळं जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या फॉसिलचा फोटो मोबाईलवर झूम करा आणि बरगड्यांच्या आत बारकी हाडं दिसतात का बघा. ॲसिडनं झिजलेली असली तर जेवण समजा, तिथं माकुळासारख्या प्राण्यांच्या हातांवरचे बारके हूकपण दिसतात. पण आईच्याच जातीची, शाबूत, तोंड आईच्या तोंडाकडं, तर बहुतेक पिल्लूच, म्हणजे जन्मताना शेपूट आधी. चीनच्या २४.८ कोटी वर्षं जुन्या चाओहूसॉरस नावाच्या सुरवातीच्या इक्थिओसॉरमध्ये मात्र पिल्लू डोकं आधी बाहेर येताना घावलंय, लईच भारी नमुना! अंड्याचं कवच शोधत बसू नका, ही थेट पिल्लंच जन्माला घालायची.