मोठ्या इंजिनची नवी गाडी घ्यावी का? मराठवाड्यातल्या रस्त्यांवर हे कसं ठरवावं

सोयाबीनचे पैसे हातात आले आणि दसरा-दिवाळी तोंडावर आली की दुचाकीच्या शोरूममध्ये गर्दी होते. घरातली शंभर सीसीची गाडी बरीच वर्षं चाललेली असते, चढाला दम टाकत असते, आणि पोरगा म्हणत असतो की आता मोठी घेऊ. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. 350 च्या वर तो 40 टक्के आहे. किंमत उतरली म्हणून गाडी गरजेची ठरत नाही. ती गरजेची आहे का, हे पुढच्या क्रमाने तपासता येतं.

आधी पंधरा दिवस वही ठेवा

रोज रात्री चार गोष्टी लिहा: किती किलोमीटर झाले, रस्ता कोणता होता, गाडीवर किती माणसं होती, सामान काय होतं. एवढं पुरेसं आहे. शेतापासून तालुक्याच्या बाजारापर्यंत जाणारा माणूस, वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा आणि आठवड्याला बीडहून संभाजीनगर गाठणारा, या तिघांच्या वह्या एकसारख्या येणार नाहीत. गाडीही तिघांना एकच लागणार नाही. बहुतेकांना आपण लांबचा प्रवास जितका करतो त्याहून जास्त करतो असं वाटत असतं. वहीत खरा आकडा दिसतो.

मग आहे ती गाडी नीट करून बघा

ही पायरी गाळू नका. "गाडीत दमच राहिला नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा इंजिनची ताकद नसतेच. मुरमाच्या धुळीने एअर फिल्टर भरलेला असतो, चेन-सॉकेट झिजलेलं असतं, टायरमध्ये हवा कमी असते. क्लचप्लेट गेली का हे घरच्या घरी कळतं. चढावर वरच्या गिअरला अॅक्सिलेटर पिळला आणि आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट घसरतेय असं समजा. मेन स्टँडवर गाडी न्यूट्रलला लावून मागचं चाक हाताने फिरवा. ते लगेच अडकलं तर ब्रेक-शू घासतोय. टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, सेट करून घ्या, प्लग बदला, आणि मगच अॅव्हरेज मोजा: टाकी काठोकाठ भरा, तीन-चारशे किलोमीटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. झालेल्या किलोमीटरला नंतर भरलेल्या लिटरने भागा. हा आकडा पुढे हिशोबाला लागणार आहे.

एवढं करून गाडी पुन्हा चांगली पळायला लागली, तर निदान एक हंगाम तरी थांबा.

गाडी नेमकी कुठे कमी पडते ते शोधा

गाडी तरीही कमी पडत असेल, तर कुठे पडते ते ठरवा. सपाट रस्त्यावर एकटा माणूस 50-55 ने जाताना शंभर सीसीला काही कमी नसतं. ती कमी पडते ती डबल सीट मांजरसुंब्याचा किंवा कन्नडचा घाट चढताना, समोरून वारं असताना, आणि ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला ओलांडताना. या शेवटच्या कामात खरा धोका आहे. दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर लांबलचक असतो, मागे दिवा नसतो, आणि ओलांडायला जितका जास्त वेळ तितका वेळ तुम्ही समोरून येणाऱ्या गाडीच्या वाटेत असता. मोठ्या इंजिनचा मला पटणारा सगळ्यात मोठा उपयोग हाच, की ते तुम्हाला त्या वाटेतून लवकर बाहेर काढतं.

पण किती मोठं इंजिन? आकडे मांडून बघू. स्प्लेंडर 97.2 सीसीची, वजन 112 किलो, ताकद साधारण 8 हॉर्सपॉवर. पल्सर 150 ची ताकद 14 आणि वजन 148 किलोच्या आसपास. क्लासिक 350 ची ताकद 20 आणि वजन 195 किलो. तिन्हींवर 140 किलोची दोन माणसं बसवली आणि दर शंभर किलोमागे किती ताकद येते ते काढलं, तर स्प्लेंडरला 3.2, पल्सरला 4.9 आणि क्लासिकला 6 येते. म्हणजे शंभरवरून दीडशेवर गेलं की ताकद निम्म्याने वाढते, आणि दीडशेवरून साडेतीनशेवर गेलं की जेमतेम पाव हिश्श्याने. 350 चं इंजिन कमी आरपीएमलाच जोरात ओढतं, घाटात वारंवार गिअर पाडावा लागत नाही, हे खरं आहे. तरी आपल्याकडच्या कामाला मोठा फरक पहिल्या उडीतच पडतो.

आणि वेगासाठी घेत असाल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. जालना-संभाजीनगरवरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. केंद्राने 2018 मध्ये दुचाकीची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 80 आणि इतर रस्त्यांवर 60 ठरवली. राज्याला ती आणखी कमी करता येते. 120 चा वेग वापरायला कायदेशीर रस्ताच नाही.

ब्रेक इंजिनच्या आधी बघा

60 ऐवजी 80 ने जात असाल तर ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जवळपास पावणेदोन पट अंतर लागतं. म्हणून ताकद वाढवली तर ब्रेकही त्या ताकदीचा हवा. 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, त्या नियमात 125 आणि त्याखालच्यांना सीबीएसवर भागत होतं. सीबीएस दोन्ही ब्रेक एकदम लावतं, पण चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. एबीएस वाचवतं. वळणावर सांडलेली खडी, पावसात डांबरावर आलेला शेतातला चिखल, मध्येच आडवं आलेलं जनावर, या सगळ्यांत तुम्हाला उभं ठेवायला एबीएसच मदत करतं. 125 मध्येही एक्स्ट्रीम 125 आर सारख्या गाड्यांना एबीएस मिळतं. पंधरा सीसी कमी चालतील, पण एबीएस सोडू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

घरात आणखी कोण चालवतं, कोण बसतं?

गावाकडे गाडी एकट्याची नसते. वडील शेतात नेतात, बहीण कॉलेजला नेते, आई मागे बसून दवाखान्यात जाते. नव्या स्पोर्ट्स गाड्यांची मागची सीट उंच आणि अरुंद असते. लुगडं किंवा साडी नेसलेल्या बाईला त्यावर चढणं अवघड आणि बसून राहणं धोक्याचं. साडीगार्ड आणि मागे धरायचा दांडा नसलेली गाडी बघूसुद्धा नका. दुधाच्या किटल्या किंवा पेंडीचं पोतं न्यायचं असेल तर ते त्या सीटवर टिकत नाही.

काळ्या मातीचं तर वेगळंच. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर ही माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचं थांबतं. तेव्हा 112 किलोची गाडी एकटा माणूस ओढून बाहेर काढतो. 195 किलोची काढायला दुसरा लागतो. तुमचं शेत डांबरी रस्त्यापासून आत असेल तर हा एकच मुद्दा निर्णयाला पुरेसा आहे.

आता पैशाचा हिशोब

महिन्याला 1,000 किलोमीटर, पेट्रोल 105 रुपये धरू. वर्षाच्या 12,000 किलोमीटरला 65 च्या अॅव्हरेजने सुमारे 19,400 रुपये लागतात, 45 ने 28,000, आणि 35 ने 36,000. परभणीकरांनी लिटरमागे आणखी थोडे धरावेत, तिथे पेट्रोल बरेचदा राज्यात सगळ्यात महाग असतं. या आकड्यांत तुमच्या वहीतले किलोमीटर आणि तुम्ही मोजलेलं अॅव्हरेज घाला.

विम्यात 150 सीसीची रेघ महत्त्वाची. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा असतो. जून 2022 च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीला त्याचा मूळ हप्ता 3,851 रुपये आहे, आणि 150 ते 350 ला 7,365. म्हणजे 149 सीसीची गाडी खालच्या रेघेत बसते आणि 160 ची वरच्या. जुन्या गाडीवर क्लेम न केल्याचा बोनस, म्हणजे एनसीबी, हा गाडीचा नसून मालकाचा असतो. तो 20 ते 50 टक्के असू शकतो आणि नव्या गाडीच्या विम्यातल्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याला लावता येतो, थर्ड पार्टीच्या नाही. शोरूमवाला आपणहून सांगेलच असं नाही, तुम्ही मागा.

हप्त्यावर घेताना व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण रकमेवर, आहे की घटत्या मुद्दलावर, हे विचारा. एक लाखावर 10 टक्के फ्लॅटने तीन वर्षांचा हप्ता 3,611 रुपये पडतो. ऐकायला दहा टक्के, पण घटत्या मुद्दलाच्या हिशोबाने ते 18 टक्क्यांच्या जवळ जातं. जवळची बँक किंवा पतसंस्था काय देते ते आधी बघा.

देखभालही विचारात घ्या. शंभर-सव्वाशेचा सुटा भाग कोणत्याही तालुक्यात मिळतो आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक तो बसवून देतो. मोठ्या गाडीसाठी बरेचदा जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं, त्यात तुमची एक दिवसाची मजुरी बुडते.

टेस्ट राईड स्वतःच्या पद्धतीने घ्या

शोरूमसमोरची एक चक्कर पुरत नाही. मागे माणूस बसवा आणि चढाचा रस्ता मागा. वरच्या गिअरला 40 वरून 70 पर्यंत गाडी किती सहज जाते ते बघा, ओलांडताना तेच लागतं. शक्य असेल तर मे महिन्याच्या दुपारी, गर्दीतून चालवा. पारा 42 ला असताना मोठ्या इंजिनची धग मांडीला लागते का, हे तेव्हाच कळेल. शेवटी गाडी बंद करून वीस पावलं मागे ढकला. वडिलांनाही ढकलायला सांगा.

माझं मत असं आहे. वहीत रोजचे 30-40 किलोमीटर आणि गावचेच रस्ते असतील तर एबीएस असलेली 125 भरपूर झाली. आठवड्यातून एकदा तरी डबल सीट महामार्ग किंवा घाट असेल तर 150-160 घ्या आणि वाढीव पेट्रोलकडे बघू नका. 350 त्यानेच घ्यावी ज्याला लांब जायचंच आहे, ज्याच्या घरी चिखलासाठी दुसरी गाडी आहे, आणि ज्याचा हप्ता पिकाच्या भावावर अवलंबून नाही.

नवी घेताना जुनी एक्सचेंजला दिली किंवा गावात विकली, तर मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून थांबू नका. जुन्या गाडीवर कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. एमपरिवहन अॅपवर नवीन मालकाचं नाव दिसेपर्यंत पाठपुरावा करा. तोवर त्या गाडीचा अपघात झाला तर नोटीस तुमच्याच दारी येऊ शकते.