फायनल पार्ट टू : टाइमटेबल नंतर, आधी वॉर्ड

एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेच्या, म्हणजे फायनल पार्ट टूच्या तयारीला नव्याने सुरुवात करायची म्हटलं की आपण आधी टाइमटेबल आखतो आणि चार रंगांचे हायलायटर आणतो. ते राहू द्या. पहिल्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये जाऊन हजेरी बघून या. थिअरीला ७५ आणि क्लिनिकलला ८० टक्के भरत नसतील, तर आधी तेच निस्तरायला हवं. त्याच फेरीत लॉगबुकमधल्या, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदवहीतल्या, राहिलेल्या सह्या मागा. परीक्षेच्या तोंडावर सर नेमके कॉन्फरन्सला गेलेले असतात. हा नियम कुठे छापलेला नाही, पाळला मात्र जातो.

मग एप्रनचे खिसे. स्टेथो स्वतःचा हवा, मित्राचा नको. नी हॅमर (गुडघ्यावर ठोकायची हातोडी), टॉर्च, मोजपट्टी, कापूस आणि १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क. ईएनटीच्या (कान-नाक-घसा) पोस्टिंगचा ५१२चा फोर्क बॅगेत पडून असेल, तर व्हायब्रेशन सेन्स (कंपनं जाणवतात का) तपासायला तो काढू नका. पीडियाट्रिक्ससाठी (बालरोग) दंडघेर मोजायची टेप ठेवा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरच्या आत भरलं तर ते तीव्र कुपोषण, हे माहीत सगळ्यांना असतं; पण हात सैल सोडून, खांदा आणि कोपराच्या बरोबर मधोमध, त्वचा न दाबता टेप लावणारे थोडेच.

खरा वेळ घालवायचा तो इथे: रोज एक केस, पहिल्या प्रश्नापासून डायग्नोसिसपर्यंत. शक्यतो दुपारी जा, राउंड आटोपलेला असतो आणि मावशींना विचारलं की बोलका पेशंट कुठल्या कॉटवर आहे ते कळतं. केसपेपर उलटा ठेवा. उत्तर आधीच वाचलं की कानाला मर्मर (हृदयातला जादा आवाज) ऐकू यायलाच लागतो. दम लागतो म्हटल्यावर ‘डिस्‌प्निया’ लिहून पुढे पळू नका. पाण्याची कळशी आणताना लागतो, जिना चढताना, की नुसतं बसल्या बसल्या, हे विचारा, ग्रेड त्यातूनच ठरते. मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची मायट्रल झडप अरुंद होणं) असेल तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, श्वास सोडून धरायला सांगा आणि एपेक्सवर (हृदयाच्या टोकाशी) बेल, म्हणजे स्टेथोची वाटीसारखी बाजू, हलकेच टेकवा. दाबलीत तर बेलचा डायफ्रॅम, म्हणजे स्टेथोची चपटी बाजू, होतो. हर्नियाच्या पेशंटला आधी उभं करून खोकायला लावा. एएनसीच्या (गरोदरपणातल्या तपासणीच्या) बाईंना लघवीला जाऊन यायला सांगा, मगच फंडल हाइट (गर्भाशयाची उंची) मोजा. २४ आठवड्यांनंतर सेंटिमीटर आणि आठवडे साधारण जुळतात, ते भरलेल्या ब्लॅडरने (मूत्राशयाने) चुकतात. शेवटी ती केस अभ्यासाच्या पार्टनरला मोठ्याने प्रेझेंट करा, कागदात न बघता. मनातल्या मनात सगळ्यांनाच येतं.

थिअरीसाठी जुने पेपर सोडवा, नवं पुस्तक घेऊ नका. एक्स-रे, इन्स्ट्रुमेंट्स आणि लसीकरणाचा तक्ता पार्टनरबरोबर जेवणानंतर होऊन जातात.

दोन कामं परीक्षेची नाहीत, पण आत्ताच करायची. दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का बघा. इंटर्नशिपआधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं प्रोव्हिजनल रजिस्ट्रेशन लागतं, तेव्हा धावपळ नको. आणि हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण झालेत का तपासा. तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, त्यामुळे निकालानंतर सुरू केले तर इंटर्नशिपचे पहिले काही महिने पुरतं संरक्षण नसतानाच सुया हाताळाव्या लागतील. झाला नसेल तर पहिला डोस याच आठवड्यात घ्या.